उत्तराबरोबर रीतही दाखवा

(पाळी येथे शेतकरी व मच्छीमार बांधवांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुढारी नव्हे, पत्रकारही नव्हे. आयुष्यभर मुलांना गणित आणि मराठी शिकवत आलेला एक मास्तर आहे. अध्यापन विद्यालयात आम्हांला सुरुवातीलाच बजावले होते की, मुलाने गणिताचे उत्तर बरोबर लिहिले, पण रीत लिहिली नाही, तर पूर्ण गुण द्यायचे नाहीत. मूल रडकुंडीला येते. म्हणते, ‘‘सर, उत्तर बरोबर आहे ना?’’ त्याला सांगावे लागते, ‘‘बाळा, उत्तर शेजाऱ्याच्या पाटीवरूनही उचलता येते. रीत लिहिलीस तर तुझे कुठे चुकले ते तुलाही कळेल आणि मलाही.’’

वर्तमानपत्रांविषयी मला आज एवढेच सांगावयाचे आहे. सरकारचा निर्णय, आकडा, अहवाल यांची बातमी देताना पत्राने नुसते उत्तर छापू नये. ते कोठून आले, कोणी काढले, कसे काढले, ही रीतही छापावी.

मच्छीमार बांधवांना २०१८ चा जुलै महिना आठवत असेल. यांत्रिक होड्या बंदीमुळे किनाऱ्याला लागलेल्या होत्या आणि बाजारात परराज्यांतून ट्रकांनी आलेली मासळी होती. १२ जुलैला अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात तपासणी केली. जागच्या जागी केलेल्या चाचणीत फॉर्मेलिन आढळल्याचे सांगण्यात आले. प्रेते टिकवायला वापरतात ते हे द्रव्य! लोकांच्या तोंडचा घास तोंडातच राहिला. लागलीच दुसरी बातमी आली की, प्रयोगशाळेच्या तपासणीत प्रमाण मर्यादेत आहे, काळजीचे कारण नाही. मग त्याच महिन्यात सरकारने बाहेरच्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घातली. काळजीचे कारण नव्हते तर बंदी कशाला, आणि बंदी हवी होती तर ‘मर्यादेत’ म्हणजे काय?

त्या दिवसांत आमच्या गावात, देवळाच्या वाटेवर, एक म्हातारी मासळीवाली शेवटे आणि कुर्ल्या घेऊन बसली होती. मासळी तिच्या मुलाने पहाटे नदीत धरलेली. श्रावण महिन्यावर आलेला, म्हणजे खरे तर विक्रीचे दिवस. पण तिच्या पाटीकडे कोणी वळेना. मला पाहून ती म्हणाली, ‘‘मास्तर, पेपरार खंयचें नुस्तें म्हूण बरयलां? आमचें काय भायलें?’’

माझ्या हातात त्या दिवशीचे वर्तमानपत्र होते. मी बातमी पुन्हा वाचली आणि मला तिला उत्तर देता आले नाही. नमुने किती घेतले? कोणत्या ट्रकांतले? चाचणी कोणती? किलोमागे किती मिलिग्रॅम? यांतले काहीच मला त्या बातमीत सापडले नाही. मेलेल्या मासळीत फॉर्माल्डिहाइड थोड्या प्रमाणात आपोआपही तयार होते, हे विज्ञान आहे. म्हणून ‘आढळले’ या एका शब्दाला अर्थ नाही. किती आढळले आणि कशात आढळले याला अर्थ आहे. तेवढ्या चार ओळी छापल्या असत्या, तर नदीची मासळी आणि ट्रकाची मासळी लोकांनी वेगळी ओळखली असती. रीत न छापल्याची किंमत बातमीदाराने दिली नाही. ती त्या म्हातारीने दिली.

आता शेतकरी बांधवांकडे येतो. खाण म्हणजे काय हे पाळीत येऊन मी सांगावे, असे नाही. ट्रकांची धूळ तुम्ही खाल्लीत, पावसाळ्यात तांबडा गाळ शेतात उतरलेला पाहिलात आणि खाणी बंद झाल्यावर ट्रकांचे हप्ते थकलेलेही पाहिलेत. ७ सप्टेंबर २०१२ रोजी न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटींचे नुकसान झाल्याचा आकडा देशभर गाजला. तीन दिवसांत राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केले.

३५ हजार कोटी हा आकडा गोव्यातल्या शेंबड्या पोराच्याही तोंडी होता. पण तो कोणत्या वर्षांचा, किती टन खनिजाचा, टनाला काय भाव धरून काढलेला, हे तुमच्यापैकी किती जणांना कोणी समजावून दिले? ते कळले असते, तर आकडा मानणाऱ्याला तो ठामपणे मांडता आला असता आणि न मानणाऱ्याला नेमके बोट ठेवता आले असते. रीत नसल्यामुळे एका बाजूने तो मंत्रासारखा जपला आणि दुसऱ्या बाजूने थापेसारखा झटकला. गावागावांत भांडणे झाली, विचार झाला नाही.

दुसऱ्या बाजूचेही पाहा. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने गोव्याच्या लोहखनिज उद्योगाच्या योगदानाचा अभ्यास केला. तो करवून घेतला होता गोव्याच्या खनिज निर्यातदारांच्या संघटनेने. पैसा कोणी दिला यावरून अभ्यास खोटा ठरत नाही. परंतु त्यातला आकडा छापताना ही एक ओळ सोबत छापली नाही, तर वाचकाची फसवणूक होते. हाच न्याय खाणीविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांच्या आकड्यांनाही लावला पाहिजे. पक्षकार कितीही सज्जन असला, तरी तो पक्षकारच.

आणि हाच न्याय आपल्या या साप्ताहिकालाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता. तो चौगुल्यांनी १९६२ साली सुरू केलेला. ‘राष्ट्रमत’ही मराठीच, पण तो विरोधात. कोण कोठे उभा आहे हे वाचकाला ठाऊक होते. कौल १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ असा आपल्या विरुद्ध गेला, हे आकडेही आपण आपल्याच पानावर स्वच्छ छापले पाहिजेत. पत्राला मत असावे, ते ठणकावून मांडावे. मात्र आपल्याला आवडणारी बातमी आली की ती एकदा नव्हे, दोनदा तपासावी, कारण नावडत्या बातमीतले खोट आपण आपसूक शोधतो आणि आवडत्या बातमीला न पाहताच दार उघडतो.

कोणी विचारील, ‘‘मास्तर, प्रत्येकाचे नाव छापले तर खरे सांगायला पुढे कोण येईल?’’ प्रश्न रास्त आहे. खाणीवर रोजंदारी करणाऱ्याने गाळाची गोष्ट सांगितली आणि त्याचे नाव छापले, तर दुसऱ्या दिवशी त्याची चूल बंद. अशा माणसाचे नाव झाकावेच. पण तो तिथे काम करतो, त्याने स्वतः पाहिले की ऐकले आणि नाव का झाकले, एवढे तरी सांगावे. मंत्र्याच्या कचेरीतून सोडलेली पुडी ‘विश्वसनीय सूत्रां’च्या नावावर छापणे ही मात्र वेगळी गोष्ट. पहिल्यात दुबळ्याचे रक्षण आहे, दुसऱ्यात बलवंताची सोय.

तेव्हा वाचकहो, उद्या सकाळी वर्तमानपत्र हाती घ्याल तेव्हा चार प्रश्न विचारा. हे कोणी सांगितले? त्याने पाहिले की ऐकले? आकडा कसा काढला? यात कोणाचा फायदा? उत्तर सापडले नाही तर संपादकाला पोस्टकार्ड टाका. सरकारी आकडा असेल तर थेट सरकारला विचारा. माहितीच्या अधिकाराचा कायदा गोव्याने देशाच्या आधी, १९९७ साली केला. देशाचा २००५ साली आला. साध्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. अर्ज लिहिता येत नसेल तर गावातल्या शाळेच्या मास्तराकडे जा. तेवढे काम आम्ही आनंदाने करू.

संपादकांना माझी एकच विनंती आहे. चूक झाली तर ती दुरुस्त करा, आणि चूक ज्या पानावर मोठ्या अक्षरांत छापली, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत. मुलाच्या वहीत माझ्याकडून चुकीची खूण झाली, तर मी ती त्याच्यासमोर खोडतो. त्याने माझा मान कमी झाल्याचे मला कधी दिसले नाही.

ती म्हातारी मासळीवाली त्या दिवशी अर्धी पाटी घेऊन परत गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण बातमीला विचारायचा खरा प्रश्न तिनेच विचारला होता. तिला उत्तर देता येईल अशी बातमी छापा.