चष्मा लावूनही मला दिसले नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा पुस्तकातले न सांगता मी सिनेमातले सांगणार आहे. हसू नका, त्यात एका लेकराच्या डोळ्याची गोष्ट आहे.

१९९८ साली ‘छोटा चेतन’ हा चष्म्याचा सिनेमा आला होता, तो पुष्कळजणींना आठवत असेल. मी तेव्हा सोळा वर्षांची. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मामाकडे राहायला गेले होते. सिनेमा मूळचा मल्याळी, ‘माय डियर कुट्टीचातन’ या नावाचा. १९८४ साली नवोदय अप्पचन यांनी तो काढला आणि त्यांचे चिरंजीव जिजो यांनी दिग्दर्शित केला. आपल्या देशातला तो पहिला त्रिमिती चित्रपट. त्या वेळी म्हणे अशी आवई उठली होती, की दुसऱ्याने लावलेला चष्मा लावला की डोळे येतात! मग चष्मे दर खेळानंतर निर्जंतुक करतो, असे लोकांना समजावून सांगावे लागले. बायकांच्या तोंडी तीळ भिजत नाही म्हणतात, पण असल्या आवया पुरुषही काही कमी पसरवीत नाहीत.

तर आम्ही दारावर चष्मे घेऊन आत बसलो. पडद्यावरचा आइस्क्रीमचा कोन पुढे येऊ लागला, तशी पोरे खुर्च्यांवर उभी राहून हात लांब करू लागली. माझी मामेबहीण तर किंचाळून मला बिलगली. मला मात्र तो कोन पडद्यावरच दिसत होता. मी चष्मा पदराला पुसला, वरखाली करून पाहिला. काही नाही. सगळे टॉकीज वेडे झालेले आणि मी एकटी शहाणी! मग मीही हात पुढे केला, मीही किंचाळले. घरी मामींनी विचारले तेव्हा सर्वांपेक्षा जास्त रंगवून मीच सांगितले.

ही लबाडी मी पंधरा वर्षे कोणाला सांगितली नाही.

२०१३ च्या जूनमध्ये ‘झपाटलेला २’ लागला. महेश कोठारे यांचा हा मराठीतला पहिला त्रिमिती चित्रपट. रामदास पाध्ये यांचा तो तात्या विंचू बाहुला मुलांना फार प्रिय. आम्ही सगळी गेलो. माझी धाकटी तेव्हा सहा वर्षांची. सगळी मुले माना चुकवीत होती आणि ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, माझ्याकडे तर काहीच येत नाही गं.”

माझ्या पोटात धस्स झाले. पोर खरे बोलली होती, जे मी कधी बोलले नव्हते.

रात्री घरी आल्यावर तिचा उजवा डोळा माझ्या तळहाताने झाकला आणि भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगितले. तिला मोठे आकडेसुद्धा लागेनात. डावा झाकला, तर घडाघड वाचले. मग मी माझेही डोळे तसेच पाहिले.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. आपल्या दोन डोळ्यांत साधारण अडीच इंचांचे अंतर असते, म्हणून दोघांना चित्र किंचित वेगळे दिसते. मेंदू ती दोन चित्रे जुळवतो, तेव्हा वस्तू जवळ की लांब हे नीट कळते. त्रिमिती सिनेमात अशीच दोन चित्रे घेतात आणि चष्मा ज्याचे चित्र त्याच डोळ्याला पोहोचवतो. पण एका डोळ्याचा नंबर खूप असला आणि लहानपणी चष्मा लागला नाही, तर मेंदू त्या डोळ्याचे ऐकायचेच सोडून देतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. मला एकदम आठवले, की सुईत दोरा ओवताना मी चुकायची, वरून चहा ओतताना बशीत सांडायची आणि आई मला वेंधळी म्हणायची.

मुलीला चष्मा लागला आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायला सांगितली. यावरून घरात रण माजले. सासूबाई म्हणाल्या, “दिसतो तो डोळा झाकायचा, हे कुठले औषध?” त्यांचेही काही चुकले नाही. माझ्याही मनाला ते पटायला वेळ लागला. मुलगी रडायची, पट्टी ओढून काढायची. मी तिला पट्टी बांधून मणी ओवायला बसवीत असे आणि शेजारी स्वतःही बसत असे. वर्ष उलटून गेले, तेव्हा त्या डोळ्याने ती कॅलेंडर वाचू लागली. लहान वयात कळले म्हणून जमले, असे डॉक्टर म्हणाले. माझी वेळ मात्र केव्हाच निघून गेली होती. ज्यांची मुले-नातवंडे अजून लहान आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर एकेक डोळा झाकून पाहावे, ही माझी विनंती.

पुढे मुलीने मला या सिनेमांचा इतिहास वाचून दाखविला. अमेरिकेत १९५२ साली ‘ब्वाना डेव्हिल’ नावाचा चित्रपट आला आणि हे वेड तिथे पसरले. आफ्रिकेत रेल्वे बांधणाऱ्या मजुरांना सिंह खातात, अशी ती कथा. ती घडलेल्या प्रसंगावरून घेतलेली आहे, आणि त्या मजुरांत आपल्या हिंदुस्थानातलेच पुष्कळ होते. त्या काळी दोन यंत्रे अगदी बरोबरीने चालवावी लागत. जरा मागेपुढे झाले की प्रेक्षकांचे डोके दुखे. दोन-तीन वर्षांत ते वेड ओसरले.

पण मला आवडली ती दुसरीच हकीकत. १९५३ चा ‘हाउस ऑफ वॅक्स’ हा त्यातला फार गाजलेला चित्रपट, आणि त्याचे दिग्दर्शक आंद्रे द तॉथ यांना एकच डोळा होता! साऱ्या जगाला दचकविले आणि स्वतःला काही दिसले नाही. ते ऐकून मी खूप हसले.

मुलगी आता कॉलेजात जाते. गेल्या वर्षी ती मला पुन्हा चष्म्याच्या सिनेमाला घेऊन गेली. शेजारी बसून हळूच सांगत होती, “आई, आता डावीकडून दगड येतोय, वाक.” आणि मी वाकत होते.