काटा खोटा की टाकी कोरडी?



कापूस भरलेली आपली जुनी डिझेल जीप अर्ध्या वाटेत बंद पडते. काटा अर्धी टाकी दाखवतो, टाकी मात्र कोरडी! पाइपात हवा शिरली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, हवाही काढावी लागते.

नवा काटा घेण्याआधी आपणच तपासू. स्वच्छ काडीनं डिझेल मोजू, झाकण घट्ट लावू. मग चावी चालू ठेवून फ्लोटची वायर काढू, काही सेकंद चासीला टेकवू. काटा टोकाला गेला, तर काटा-वायर ठीक. दोष फ्लोटचा किंवा टाकीच्या अर्थिंगचा. हललाच नाही, तर फ्यूज, वायर, काटा पाहू. पेट्रोल गाडीला मात्र ठिणगीचा हा प्रयोग नको.

काट्यावर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं, हे कापूस मोजताना आपण शिकलोच आहोत.