घरगुती धंद्याचा ठोकताळा

धंदा हा शब्द निघाला कीं पांढरपेशा घरांत पहिली चिंता उभी राहते ती भांडवलाची. तें कोठून उभारावें याची वाटाघाट रात्र रात्र चालते. मात्र तें कशावर आणि किती खर्चावयाचें, हें कागदावर मांडण्याची तसदी क्वचितच कोणी घेतें.

१९५९ सालीं मार्चच्या १५ तारखेस मुंबईस गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. उसने घेतलेले ८० रुपये एवढेंच त्यांचें भांडवल. पहिल्या दिवशीं अवघीं चार पाकिटें तयार झालीं. माल जावयाचा तो भुलेश्वरांतील एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे. हीच पुढें 'लिज्जत' या नांवानें देशभर गाजलेली संस्था. या बायांनीं नवी विद्या शिकण्यांत दिवस घालविले नाहींत. हातास वळण होतें तेंच काम घेतलें आणि घेणारा आधीं हेरला. प्रारंभीं त्या दोन प्रतींचे पापड करीत, त्यांत एक स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनीं सल्ला दिला कीं, प्रत एकच व उत्तम ठेवावी आणि हिशेब चोख असावा. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली.

त्या वर्षीं पावसाळ्याचे चार महिने मात्र काम बंद ठेवावें लागलें, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट व एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खालीं शेगडी! एवढ्यानें अडचण सरली. असा 'पावसाळा' प्रत्येक धंद्यास असतोच. फराळ विकणाऱ्यास तो दिवाळी संपतांच लागतो, गणवेश शिवणाऱ्यास शाळा सुरू झाल्यावर. त्या महिन्यांचें काय, हा रकाना ठोकताळ्यांत पहिल्याच दिवशीं हवा.

आतां खर्चाचें पाहूं. समजा, एका घरांत पांच किलो चकली केली. साहित्यास १,१०० रुपये, गॅसला १००, पिशव्या व नेआण यांस १००, मिळून १,३०० झाले. शेजारच्या दुकानांतील भाव पाहून ३२० रुपये किलोनें विकली, तर १,६०० येतात आणि ३०० रुपये नफा झाल्याचा आनंद होतो. पण भाजणीपासून पिशवी बांधेपर्यंत आठ तास राबणाऱ्या बाईची मजुरी कोणी धरली? हे ३०० म्हणजे तिचे तासाचे साडेसदतीस रुपये. नफा त्यांत कोठेंच नाहीं. घरच्या बाईचें काम फुकट धरण्याची ही खोड शिकलेल्या घरांतहि सुटलेली नाहीं, हें नवल! तासाला ७५ रुपये धरले तर मजुरी ६००, एकूण खर्च १,९००, म्हणजे किलोस ३८० रुपये पडले. नफा याच्या वर.

शिवाय खाद्यपदार्थ विकावयाचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें लहान उद्योगासहि नोंदणी लागते. तो खर्च व आप्तेष्टांकडे राहणारी उधारी हींहि त्याच कागदावर यावींत.

या भावानें पांच किलोंस गिऱ्हाईक मिळत नसेल तर पुढच्या खेपेस तीनच किलो तळावी. दर उतरवूं नये. तीन किलोंसहि कोणी विचारीत नसेल, तर सोऱ्या धुवून ठेवावा व दुसरा जिन्नस हातीं घ्यावा. गमावलें असेल तें एका आठवड्याचें साहित्य. दागिने अद्याप कपाटांतच आहेत.