श्रद्धा उसनी मिळत नाहीं



ठाण्यास मासुंदा तलावाजवळ एक जुनें चर्च आहे. त्याचें मूळ पोर्तुगीज अमदानींतलें. साष्टी व वसई या भागांतील अनेक ख्रिस्ती घराणीं त्याच काळापासून रोमन कॅथलिक पंथाचीं आहेत. त्यांच्या घरीं धर्म आजोबांकडून नातवाकडे येतो. आपल्याहि घरीं तो तसाच येतो. परंतु प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांत असा एक प्रवाह आहे कीं, त्यास एवढा वारसा पुरेसा वाटत नाहीं. त्याला सुवार्तावादी म्हणतां येईल. अठराव्या शतकांत तो इंग्लंड-अमेरिकेंत बळावला आणि १८१३ सालीं अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर मुंबईस पोंचला. त्याचीं मुख्य तत्त्वें आपण ओळखीच्या माणसांच्या चरित्रांवरून पाहूं.

कवि नारायण वामन टिळक यांचें प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळांत कल्याणास झालें. पुढें नाशिकास ते संस्कृत शिकले. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींतील एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस ‘नवा करार’ दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधून घेतलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

एका पुस्तकानें एवढें घडावें, यांतच पहिलें तत्त्व आहे. श्रद्धा आणि आचार यांचें अखेरचें प्रमाण पवित्र शास्त्र. परंपरा किंवा धर्माधिकारी नव्हे. म्हणूनच तें प्रत्येकास स्वभाषेंत वाचतां आलें पाहिजे. पंडिता रमाबाई आयुष्याच्या अखेरीपर्यंत बायबलाच्या सुलभ मराठी भाषांतरासाठीं कां झटल्या, हें यावरून ध्यानीं येईल.

दुसरें तत्त्व पाप आणि वधस्तंभ यांचें. पुण्याची जमा वाढवून पापाचा खर्च भरून काढावा, ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. सुवार्तावादी म्हणतो, मनुष्याचें कर्ज इतकें मोठें आहे कीं, तें त्याच्या स्वतःच्या कमाईनें फिटणारें नाहीं. येशू ख्रिस्तानें वधस्तंभावरील मरणानें तें फेडलें आणि तो पुन्हां उठला. मनुष्यानें पश्चात्तापपूर्वक त्याच्यावर विश्वास ठेवावा. तारण मिळतें तें कृपेनें. यावर कोणीहि विचारील, मग सदाचाराची गरजच काय? त्याचें उत्तर असें कीं, सत्कृत्य हें तारणाचें मूळ नव्हे, फळ आहे. मूळ जिवंत असल्यास फळ धरल्यावांचून राहत नाहीं.

तिसरें तत्त्व नव्या जन्माचें. ख्रिस्ती आईबापांच्या पोटीं जन्मल्यानें किंवा केवळ बाप्तिस्म्यानें कोणी खरा ख्रिस्ती होत नाहीं. अंतःकरण पालटावें लागतें. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. परंतु त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला, ख्रिस्त मात्र सांपडला नाहीं. ही कबुली त्यांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे.

चौथें तत्त्व साक्षीचें: जें लाभलें तें दुसऱ्यांस सांगावयाचें. टिळकांनीं तें अभंगांतून व कीर्तनांतून सांगितलें. ख्रिस्त पुन्हां येणार आहे, ही आशाहि या शिकवणुकींत आहेच.

पण या तत्त्वांची खरी कसोटी टिळकांच्या घरांतच लागली. त्यांच्या बाप्तिस्म्यानें लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. कांहीं वर्षें त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयानें राहिल्या. श्रद्धा टिळकांची, तिची किंमत लक्ष्मीबाईंनीं मोजली. हें दुःख कोणत्याहि सिद्धांतानें झांकूं नये.

पुढें त्या पतीकडे परतल्या, तेव्हांहि त्यांनीं आपलें सोंवळें सोडलें नव्हतें. टिळकांचा बाप्तिस्मा त्यांच्या कामीं आला नाहीं, आणि येणारहि नव्हता. पुढें जातिभेद ईश्वरानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःशींच सोडविला. आणि १९०० सालीं स्वतःच्या निर्णयानें बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रें’मध्यें ही सारी हकीकत त्यांनीं हंसतखेळत सांगितली आहे, पण त्या हंसण्याखालीं केवढें सोसणें आहे, हें वाचकास जाणवल्यावांचून राहत नाहीं.

येथें हें तत्त्व पुरतें उलगडतें. श्रद्धा ज्याची त्यानेंच मिळवावयाची असेल, तर पतीनें पत्नीवर, पित्यानें पुत्रावर किंवा प्रचारकानें श्रोत्यावर ती लादणें म्हणजे त्या तत्त्वालाच बाध आणणें होय. आग्रहानें सांगावें, परंतु निर्णयाचा उंबरठा ज्याचा त्यानेंच ओलांडावा. हें तत्त्व कोणास मान्य होवो वा न होवो, त्यानें उभा केलेला प्रश्न मात्र कोणाहि धर्माच्या माणसाला टाळतां येत नाहीं: आपल्या देव्हाऱ्यांत जें आहे, त्यांतलें वडिलांचें किती, आणि आपलें स्वतःचें किती?