ट्रक कॅम्परच्या मागे ट्रेलर: वजन आणि अंतर



अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात अख्खी खोली बसवून लोक फिरायला निघतात. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असा संसार असतो. हा ट्रक कॅम्पर भरल्यावर सहज टनाच्या पुढे जातो. त्यामागे होडी किंवा जीप लादलेला ट्रेलर ओढायची हौस अनेकांना असते; आपल्याकडून तिकडे गेलेल्या मुलांनाही असते. मी बोलणार आहे ते या दोहोंना जोडणाऱ्या लोखंडाबद्दल. ते तुटलं तर ट्रेलर मागून येणाऱ्या, काहीही दोष नसलेल्या माणसावर जातो, म्हणून या विषयाची मला कळकळ आहे.

अडचण लांबीची आहे. ट्रकच्या चॅसीला मागे बोल्टने हिच बसवलेला असतो. त्याच्या चौकोनी नळीला, म्हणजे रिसीव्हरला, ट्रेलर जोडायचा. पण कॅम्परचं बूड हौद्याच्या दोन-तीन फूट मागे आलेलं असतं, त्यामुळे ट्रेलरची दांडी तिथवर पोहोचत नाही. मग रिसीव्हरमध्ये लांब नळी घालतात. तेच एक्स्टेंशन, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

हिशोब करून पाहू. ट्रेलर 2000 किलोचा आहे. त्याच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार दांडीवाटे, ती जिथे टेकते त्या हिचच्या गोळ्यावर यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. आपण 240 किलो धरू. एरवी गोळा रिसीव्हरमधली जोडणी अडकवून ठेवणाऱ्या खिळीपासून साधारण 25 सेंटिमीटरवर असतो. एक मीटरचं एक्स्टेंशन लावलं की तो सव्वा मीटरवर जातो. वजन तेवढंच, पण रिसीव्हरला वाकवणारा जोर पाचपट! शिवाय हे रस्ता सपाट असताना; खड्ड्यात चाक आदळलं की त्या क्षणी भार आणखी वाढतो. म्हणूनच साध्या एक्स्टेंशनवर क्षमता निम्मी धरा, असं अनेक उत्पादक बजावतात. हिचच्या पट्टीवरचा मोठा आकडा वाचून खुशाल राहणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

दुसरा परिणाम पुढच्या चाकांवर होतो. उसाच्या हंगामात मागे जादा भार आला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात, हे आपण पाहिलेलं आहे. इथेही तरफ तीच. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर चार मीटर आणि गोळा मागच्या आसापासून 2.4 मीटरवर असेल, तर पुढच्या आसावरचा 144 किलो भार कमी होतो आणि मागच्या आसावर 384 किलो वाढतो. मागचा आस कॅम्परने आधीच दमलेला असतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात.

मग मजबुती आणायची कशी? नुसती जाड नळी घेऊन भागत नाही. वाकवणारा जोर शेवटी चॅसीपर्यंत पोहोचवावा लागतो. टॉर्कलिफ्ट कंपनीच्या सुपरहिचमध्ये एकावर एक असे दोन रिसीव्हर असतात आणि एक्स्टेंशन दोन्हींत शिरतं. भार खाली दाबला की वरची नळी ओढली जाते, खालची आत रेटली जाते. एकाच नळीच्या भिंतींनी सोसायचा जोर असा दोन जागी वाटला जातो. माझ्या मते लांब कॅम्परमागे जड ट्रेलर न्यायचा असेल तर याच जातीची रचना घ्यावी. गावातल्या वेल्डरकडून एखादी पट्टी चिकटवून घेणं मला अजिबात मान्य नाही. कारखान्यातून आलेल्या चॅसीच्या पोलादाला वाटेल तिथे उष्णता देणं किंवा फ्लँजला भोकं पाडणं म्हणजे नवा कमकुवत बिंदू तयार करणं.

आणखी एक बारकावा जोडाच्या घट्टपणाचा: अडीच इंची रिसीव्हरमध्ये दोन इंची नळी बसवायला बाही मिळते, पण तिने खेळ वाढतो. खिळीचं भोक लांबट झालेलं दिसलं, तर तो भाग बदलावा.

खरेदीआधी सामान आणि पाण्यासह ट्रक काट्यावर न्यावा. तिथल्या महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे काटे असतात. त्यांवर प्रत्येक आसाचं वजन वेगळं मिळतं. ते ट्रकवर दिलेल्या मर्यादांशी ताडून पाहावं. आस आधीच भरला असेल तर कोणताही हिच उपयोगाचा नाही. ट्रेलर घरी ठेवावा.

आता साखळ्या. त्या दांडीखालून एकमेकींना छेद देत न्याव्यात, म्हणजे दांडी सुटली तरी त्यांच्या झोळीत पडते. पण पुष्कळ जण त्या एक्स्टेंशनलाच अडकवतात. खिळी तुटून एक्स्टेंशनच निसटलं, तर साखळ्या त्याच्याबरोबरच जातील. त्या लांबवून थेट ट्रकच्या हिचला बांधाव्यात, आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी तार साखळीला न अडकवता वेगळी ट्रकला जोडावी.