भिंतीला ओल आली की

मधुमेहात किडन्या निकामी होतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. पण त्या सगळ्यांच्या सारख्याच प्रमाणात होत नाहीत. अमेरिकेत किडनी निकामी होण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक आहे. मधुमेहामुळे डायलिसिसवर जाण्याच्या प्रमाणात 1996 साली तिथले मूलनिवासी सर्वांत पुढे होते. असं काही सांगितलं की लोक पटकन म्हणतात, "त्यांच्या रक्तातच असेल." या बोलण्याची मला चीड येते.

कारण 2013पर्यंत याच मूलनिवासींमधलं प्रमाण 54 टक्क्यांनी उतरलं. इतक्या थोड्या वर्षांत रक्त बदलतं का हो? त्यांच्या दवाखान्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन नियमित तपासलं, किडनी जपणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेत सुरू केल्या, साखर आटोक्यात आणली.

भिंतीला आधी ओल येते, मग पोपडे धरतात, मग गिलावा पडतो. लघवीतलं अल्ब्युमिन म्हणजे ओल. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, वाढतं तोवर पोपडे पडू लागलेले असतात. आणि ओलीवर रंग मारून भिंत सुधारत नाही. अमेरिकेत कित्येक वर्षं असा रंग मारणंच चाललं. क्रिएटिनिनवरून किडनीची क्षमता काढताना कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा सूत्रानेच वाढवून धरत. किडनी बरी दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. 2021च्या नव्या सूत्रात ही वाढ काढून टाकली.

आता बायकांचं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि बायकांत स्नायू कमी. तरुण, धट्ट्याकट्ट्या पुरुषाला 1.2 हा आकडा चालून जातो. पासष्टीच्या बाईच्या किडनीची क्षमता त्याच आकड्याला निम्म्यावर आलेली असू शकते. अमेरिकेत किडनीचा आजार बायकांत जास्त आढळतो, डायलिसिसवर मात्र पुरुष जास्त जातात.

म्हणून सांगते, नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. पाय सुजायची वाट पाहू नका. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. आणि घरातल्या बाईला "मला काही होत नाही" म्हणून मागे राहू देऊ नका, तिलाही बरोबर न्या.