दंतधातूच्या मंदिरापुढचा ढोल

सन १९३४ च्या मे महिन्यांत शांतिनिकेतनांतील विद्यार्थी, विद्यार्थिनी व शिक्षक यांचें एक कलापथक रवींद्रनाथ ठाकुरांबरोबर सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस गेलें. संस्थेला पैशाची नड नित्याचीच. तेव्हां नृत्यनाट्याचीं तिकिटें विकून निधि जमविणें हाहि या दौऱ्याचा एक हेतु होता, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नव्हतें. कोलंबोस त्यांनीं 'शापमोचन' केलें. इंद्रसभेंत एका गंधर्वाचा ताल चुकतो आणि शापानें तो कुरूप होऊन पृथ्वीवर जन्मास येतो, अशी ती कथा. तिचें मूळ बौद्धांच्या कुशजातकांत आहे. म्हणजे सिंहली प्रेक्षकांस ही मंडळी त्यांच्याच घरची गोष्ट बंगालींत सांगत होती!

पुढें मंडळी डोंगरांतील कँडी नगरीस आली. श्रोत्यांपैकीं जे तेथें गेले असतील त्यांना तळ्याकांठचें दंतधातूचें मंदिर आठवत असेल. बुद्धाचा दांत हेममाला नांवाच्या राजकन्येनें केसांत लपवून कलिंगदेशाहून आणला, अशी परंपरा आहे. पादत्राणें बाहेर ठेवून, शुभ्र वस्त्रें नेसून, ओंजळींत फुलें घेऊन लोक येतात. दांत कोणास दिसत नाहीं. गाभाऱ्याचें दार उघडलें म्हणजे सोन्याचा करंडक तेवढा दिसतो. पूजेच्या वेळीं खालीं ढोल घुमूं लागतात. हें वादन श्रोत्यांसाठीं नसतें. सिंहली लोक त्यास शब्दपूजा म्हणतात. फुलें वाहावीं तसा येथें नाद वाहावयाचा.

कँडीचें नृत्यहि अशाच सेवेंतलें. ढोलकऱ्यांचीं व नर्तकांचीं घराणीं मंदिराच्या जमिनी कसून त्याबद्दल ही सेवा करीत. अनेक वर्षें शिकल्यावर, शुभमुहूर्तावर शिष्याच्या मस्तकीं 'वेस' नांवाचा रुपेरी मुकुट चढे. परंतु इंग्रजी शिकलेले सिंहली लोक या नृत्याकडे खालच्या जातीचा धंदा म्हणून पाहत. बंगालमध्यें तरी निराळें काय होतें? भल्या घरच्या मुलींनीं रंगभूमीवर नाचावें काय, हा वाद तिकडेहि चालूच होता. त्यामुळें रवींद्रनाथांनीं कँडीच्या नर्तकांची मनापासून वाखाणणी केली, तेव्हां तिचें मोल दोन्ही देशांत सारखेंच होतें.

त्या वाखाणणीनें नृत्यास प्रतिष्ठा आली खरी. पण पूजा तिकिटाच्या रंगमंचावर आली म्हणजे तिचें काय उरतें, हा प्रश्न त्याबरोबरच उभा राहिला. शांतिदेव घोष यांनीं पुढें हें नृत्य शिकून शांतिनिकेतनांत नेलें. त्याच दौऱ्यांत, २० मे रोजीं, होरण येथें रवींद्रनाथांच्या हस्तें 'श्रीपाली' या विद्यालयाची कोनशिला बसली. १९३६ सालीं आनंद समरकोन नांवाचा सिंहली तरुण शांतिनिकेतनांत शिकावयास आला. त्यानें नंतर रचलेलें गीत १९५१ सालीं त्याच्या देशाचें राष्ट्रगीत झालें.